शून्याचा रकाना

लिनेट कोवाच, बसा.
गेल्या महिन्याची मिळकत?
शून्य, मी म्हणते.
खिडकीमागची बाई लिहीत नाही,
पेन कागदावर धरून थांबते.
शून्यावर कुणी जगत नाही, म्हणते.
मीही तेच सांगायला आले आहे.

पूर्वी होते मी यांच्या यादीत.
साठ महिने मिळतात, अख्ख्या आयुष्यात मिळून साठ.
माझे दोन बाळंतपणांत आणि एका मोडलेल्या पायात सरले.
मग म्हाताऱ्यांच्या होममध्ये रात्रपाळीला चादरी बदलत होते.
रात्रीची बस बंद झाली.
तीन दिवस चालत गेले, चौथ्या दिवशी बर्फ पडला.

तर मग कशा जगता?
याच्या उत्तराला फॉर्मवर दीड ओळ आहे.

नणंदेच्या सोफ्यावर आम्ही तिघं.
भाडं म्हणून तिच्या घरातली धुणी, भांडी
आणि तिच्या नवऱ्याचे टोमणे.
तेही मी घडी घालून ठेवते.
मुलांना दुपारी शाळा जेवू घालते,
म्हणून मला सुट्ट्या आवडत नाहीत,
नाताळची तर मुळीच नाही.
अन्नाचं कार्ड येतं. त्यावर ब्रेड मिळतो,
साबण मिळत नाही, पॅड मिळत नाहीत.
ब्रिएल ऑगस्टमध्ये तेरा वर्षांची झाली.
कार्डाचे रोख पैसे कोण करून देतं
ते मी या खिडकीत सांगत नाही.

आणि आठवड्यातून दोनदा नदीपलीकडे जाते.
तिथे खुर्चीत आडवं करून रक्त काढतात,
पिवळं पाणी ठेवून घेतात, तांबडं परत देतात.
त्याला दान म्हणतात.
दान केल्याचे चाळीस डॉलर.
हातावर पोट असतं ना लोकांचं,
माझं नेमकं कुठे आहे ते दाखवता येतं:
इथे, कोपराच्या खोबणीत,
पावलीएवढा व्रण.

या मंगळवारी तिथल्या पोरानं बोट टोचलं,
यंत्राकडे पाहिलं,
आज नाही घेता येणार. लोह कमी आहे.
मला हसू फुटलं.
त्याला वाटलं चक्कर येतेय, पाणी आणायला धावला.

पोरा, तू बसतोस त्या खिडकीतून
मैलभर पोलादाचा कारखाना दिसायचा.
रात्री नदी नारिंगी असायची,
आम्ही त्या उजेडात दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचो.
सासरा भट्टीवर होता. कोवाच म्हणजे
त्याच्या आज्याच्या भाषेत लोहार.
नवरा फ्लोरिडाला निघून गेला
तेव्हा मुलं आणि हे आडनाव इथेच राहिलं.

पालक खा, कलेजी खा, पुढच्या आठवड्यात या.
पुलावरून परत आले. कठडा गंजलेला,
हात धरला की तळव्याला तांबूस पूड.
मागेपुढे कुणी नाही असं पाहून
जीभ लावली.
चव तीच.

ब्रिएलनं दार उघडलं.
आधी माझ्या हाताकडे पाहिलं, पट्टी नव्हती.
थोड्या वेळानं, मोज्यांची जोडी लावता लावता म्हणाली,
अठरा पूर्ण लागतात ना गं तिथे?

मी तिला भांडी घासायला पाठवलं.
घासलेलीच होती.
तिनं पुन्हा घासली.

यातलं काय लिहू, बाई विचारते.
आवाज वाईट नाही तिचा.
नखं कुरतडलेली, बाजूला डब्यात अर्धं सँडविच,
भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी.
रकाना रिकामा ठेवता येत नाही मला, म्हणते.

मग लिहा.

ती शून्य काढते.
घाईत त्याचं तोंड मिळत नाही,
वर जराशी फट राहते.
सही इथे, म्हणते,
आणि माझ्या खांद्यावरून
पुढचा नंबर पुकारते.